मऊ दगड

१

सकाळी साडेसहाच्या सुमाराला सुगंधा मागच्या पडवीत पाट टाकून बसायची. पुढ्यात पितळेची परात, परातीत ओलं फडकं आणि फडक्यावर मऊ दगड. वीतभर लांब, रंगानं पिवळट, आणि ओला झाला की साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत. वेंगुर्ल्याच्या बंदरात सासऱ्यानं परक्या गलबतावरच्या कुणा तांडेलाची दाढी केली आणि त्यानं खूश होऊन हा दगड दिला, एवढीच त्याची कुळकथा. खाणीतून निघालेला असल्या जातीचा दगड मोठा मानी असतो. घाई केली की तो धार देत नाही, कितीही घासा.

काम बघायला सोपं. त्याच दगडाचा एक छोटा तुकडा वर घासला की ताकासारखा लगदा उठतो. वस्तरा त्यावर आडवा निजवायचा, पाठ आणि धार दोन्ही टेकलेल्या. धार पुढे करून न्यायचा, पाठीवर उलटायचा, धार पुढे करूनच परत आणायचा. मधूनमधून बोटानं पाण्याचा थेंब सोडायचा, म्हणजे ताक आणखी पातळ होतं. शेवटचे वीस हात तर नुसत्या नितळ पाण्यावर, वस्तरा आपल्याच वजनानं जाईल इतक्या हलक्या हातानं. मग एक वेळ अशी येते की पातं दगडाला चिकटतं, आणि उचलताना चुट् असा बारीक आवाज होतो. तो आला की हात थांबवायचा. "धार डोळ्यांनी बघूची नाय, कानांनी आयकूची," सासरा म्हणायचा.

तिठ्यावरच्या तिच्या दुकानात हे लाड चालत नव्हते. तिथे अर्धं ब्लेड मोडून घालायचं आणि दाढी झाली की गिऱ्हाइकाच्या देखत फेकून द्यायचं. खरा वस्तरा घरी, आणि तोही एकाच माणसासाठी, नवऱ्यासाठी.

हरिश्चंद्राला चौदा महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली, वाचा गेली, उजवा हात तेवढा थोडाफार ऐकायचा. सुगंधा दिवसाआड त्याची दाढी करी. काळीभोर, राठ दाढी; पंचावन्नाव्या वर्षीही त्यात एक केस पिकलेला नव्हता. वस्तरा फिरला की खर्र खर्र आवाज व्हायचा, सुक्या झावळीवर नख ओढावं तसा. उजव्या जबड्यावर लहानपणी मासे धरताना गळ लागल्याचा बोटाच्या पेराएवढा वण होता, तिथे केस कधी उगवले नाहीत. दाढी झाली की तो उजव्या हातानं तिचं मनगट दोनदा दाबायचा. चौदा महिन्यांत नवराबायकोचं बोलणं काय ते एवढंच. पण सुगंधानं मनाशी पक्कं केलं होतं, हा माणूस एक दिवस बोलणार आणि आपल्याला हाक मारणार. ओरोसच्या डॉक्टरांनी मान हलवली होती. हलवेनात का, ज्याचं जळतं त्याला कळतं.

२

नवरा अंथरुणाला खिळल्यावर सुगंधानं दुकानाची फळी उघडली, तेव्हा गावाच्या तोंडाला धरबंद उरला नाही. बाईनं पुरुषाच्या गळ्याला वस्तरा लावायचा? रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी म्हणतात. सुगंधा आठ दिवस रिकाम्या खुर्चीसमोरचा आरसा पुसत बसली. नवव्या दिवशी सांतान लोबो आत आला. ऐंशीचा म्हातारा, सगळा जन्म बोटीवर काढलेला. त्यानं काठी कोपऱ्यात ठेवली, खुर्चीत बसला, डोळे मिटले आणि म्हणाला, "हळू, गो चेडवा. घाई कोणाक आसा?"

चेडवा म्हणजे पोरी. पन्नाशीला आलेल्या बाईला पोरी म्हणणारा गावात तो एकटाच. त्यानंतर दर शनिवारी तो यायचा आणि खुर्चीत बसल्यावर तेच वाक्य बोलायचा. त्याची दाढी पांढरी, रेशमासारखी, आणि डाव्या गालावर केसांचा भोवरा. तिथे वस्तरा वरून खाली ओढला की अडकायचा. जबड्याकडून कानाकडे उलटा हात घ्यावा लागे. सुगंधाच्या हाताला ते पाठ झालं होतं. सांतानच्या पाठोपाठ हळूहळू बाकीची तोंडंही खुर्चीत येऊन बसली. तिचं दुकान उभं राहिलं ते या म्हाताऱ्याच्या गळ्यावर, हे ती कधी विसरली नाही.

एका गुरुवारी पहाटे सांतान झोपेतच गेला. सातच्या सुमाराला त्याची बायको इनासिया स्वतः सुगंधाच्या पडवीत आली. तिचं रडून झालेलं होतं.

"सुगंधा, तुझो सांतानबाब गेलो गो. पोरगो जोनाथन कुवेतात आसा. तो येयसर तेका थंड पेटयेत ठेवचो लागतलो. तेच्या आधी तेची दाढी करूक येशीत? दाढी वाढलेलो तेका आवडा नाय."

"येतंय. तुम्ही फुडे व्हा," सुगंधा म्हणाली.

सासऱ्याच्या धोकटीत मेलेल्यांचा वस्तरा वेगळा होता, शिंगाच्या मुठीचा, काळवंडलेला. त्याचा दगडही वेगळा. तो घाटाखालच्या नदीतला, हिरवट आणि खरबरीत. मेलेल्याच्या वस्तऱ्याला या खरबरीत दगडावर लागेल तेवढीच धार. मऊ दगडावर तो न्यायचा नाही. नवी सून असताना सुगंधानं विचारलं होतं, "कित्याक?" तेव्हा सासरा म्हणाला होता, "मेल्याक खंय दुखता?" आणि जरा थांबून पुढे म्हणाला, "आणि नाय म्हणजे नाय."

तिनं खरबरीत दगडावर वस्तरा लावला आणि आपल्या हातावर फिरवून पाहिला. केस निघाले, पण कातडी ओरबाडली. सांतानचं कातडं म्हातारपणी कांद्याच्या पापुद्र्यासारखं झालं होतं. कुणी बसेना तेव्हा जो आपल्यापुढे मान वर करून बसला, त्याच्या गालावरून हे ओढायचं? कारागिराला एक वेळ नियम मोडलेला चालतो, वाईट काम झालेलं चालत नाही. तिनं परात पुढे ओढली आणि मऊ दगड ओला केला.

चाळीस हात झाले असतील. शेवटी पातं चिकटलं आणि चुट् आवाज आला, नेहमीपेक्षा किंचित मोठा.

सांतानची दाढी लोण्यासारखी उतरली. डाव्या गालावर तिचा हात आपोआप उलटा वळला. "हळूच करतंय, बाब," ती बोलूनही गेली. इनासिया पायाशी उभी होती. "निजलोसो दिसता," ती म्हणाली आणि तिला पुन्हा रडू फुटलं.

३

शुक्रवारी नवऱ्याच्या दाढीची पाळी होती. मऊ दगड सुगंधानं आदल्या दिवशीच दोनदा धुतला होता, एकदा पाण्यानं आणि एकदा राखेनं. जिवंतांचा वस्तरा घेऊन ती पाटावर बसली. लगदा उठला, पातळ झाला, निवळला. शेवटचे वीस हात झाले. पातं दगडाला चिकटलं. तिनं ते उचललं.

आवाज झाला नाही.

तिनं आणखी वीस हात घेतले. पातं चिकटत होतं, चांगलं ओढून काढावं लागत होतं, पण निघताना काहीच वाजत नव्हतं. शेजारच्या माडावर कावळे ओरडत होते, ते ऐकू येत होते. परातीत टपकणारं पाणी ऐकू येत होतं. म्हणजे कान शाबूत होते. डोक्यावरचा एक केस तोडून तिनं धारेवर धरला. तो टेकताच दोन तुकडे झाला. धार तर होती. मग आवाजाला काय घेऊन बसायचं, असं म्हणून ती उठली.

खोलीत येऊन तिनं नवऱ्याच्या मानेखाली उशी सारखी केली, फेस लावला आणि उजव्या कानाखालून पहिला हात घेतला.

फेस निघाला, केस निघाले, खालचं कातडं स्वच्छ दिसलं. खर्र आवाज मात्र आला नाही. तीस वर्षं हा आवाज घरात होता; आधी हरिश्चंद्र आरशासमोर उभा राहून स्वतः दाढी करायचा तेव्हाचा, आणि आता हा. सुगंधानं दुसरा हात घेतला, तिसरा घेतला. हवेतून वस्तरा फिरवावा तसा तो निघून जात होता. इतकी सुरेख दाढी तिनं जन्मात केली नव्हती आणि तिला ते मुळीच बरं वाटलं नाही.

टॉवेलानं तोंड पुसून तिनं सवयीनं आपलं मनगट त्याच्या उजव्या हाताजवळ नेलं. हात तसाच पडून राहिला. थोडा वेळ तिनं वाट पाहिली.

"दमलात काय ओ आज?" तिनं विचारलं. तो वर छपराच्या कौलांकडे बघत होता.

४

शनिवारी दुकान बंद करून आल्यावर तिनं त्याच्या गालावरून हात फिरवला. कालच्याइतकाच गुळगुळीत. धार चांगली लागली होती, खोलवर दाढी झाली असेल, तिनं स्वतःला सांगितलं. रविवारी सकाळी पुन्हा पाहिलं. शुक्रवार ते रविवार म्हणजे दोन दिवस. दोन दिवसांत ती दाढी उशीच्या अभ्र्याचे धागे ओढायची. तिनं कापसाचा बोळा घेतला आणि गालावरून, हनुवटीखालून, ओठांवरून फिरवला. एक तंतूही कुठे अडकला नाही.

तिनं मुलीला फोन लावला. अनुजा पनवेलला नर्स होती.

"अनू, औषधांनी दाढी येवची बंद होता काय गो?"

"काहीतरीच काय आई! बाबा जेवतात ना?"

"पेज घातलंय ती तोंडातच धरून बसले."

"अंगात ताप?"

"ताप नाय. थंड आसत." बोलता बोलता सुगंधानं त्याच्या कपाळाला हात लावला. ऊन पडलेल्या खोलीतलं ते कपाळ माठाच्या बुडासारखं गार होतं. "नाडी चलता. श्वास आसा. पण थंड आसत."

अनुजा म्हणाली, उद्या डॉक्टरांना घरी बोलवून घे, मी मंगळवारी सुट्टी मिळते का बघते. शहाणं बोलणं होतं. सुगंधानं ते ऐकलं, फोन ठेवला आणि पडवीत जाऊन मऊ दगडाकडे बघत राहिली. दगड सुकला होता. सुकलेल्या दगडाला काय कळणार, आणि कळलं तरी तो कुणाला सांगणार? तिनं सासऱ्याची आठवण काढून त्याला मनातल्या मनात दोन शिव्या हासडल्या. नाय म्हणजे नाय म्हणून गप्प बसणारी ही माणसं. कारण सांगितलं असतं तर जीभ झडली असती काय?

रविवारची दाढी तिनं केली नाही. करायला काही नव्हतंच.

५

सोमवारी सकाळी इनासिया पुन्हा पडवीत आली. या वेळी ती पायरीवरच थांबली.

"जोनाथन काल रातीक पोचलो. बापाशीचा तोंड बघल्यान आणि माका विचारता, पप्पांची दाढी कोणी केली नाय काय?" ती खाली बघून बोलत होती. "तू केललंस. माझ्या डोळ्यांदेखत केललंस. आता येवन बघ तूच."

लोबोंच्या वशाला, म्हणजे पुढच्या दालनात, कसालहून आणलेली काचेची पेटी होती. विजेवर चालणारी, आत बर्फासारखी गार. पेटी घुं घुं करत होती. बाजूला जोनाथन उभा होता, प्रवासानं डोळे सुजलेला, चाळिशीचा गृहस्थ. "मेल्यावर कातडा आकसता, म्हणान केस वर इल्यासारखे दिसतत," तो म्हणाला. "माका म्हायत आसा ता. पण पप्पांक पांढरी दाढी होती ना?"

त्यानं झाकण वर केलं.

सांतानच्या गालांवर, हनुवटीवर, गळ्यावर चार दिवसांची दाढी होती. काळी. राठ, दाट, कोळशाच्या भुकटीसारखी काळी. वर पांढऱ्याशुभ्र केसांचं डोकं आणि पांढऱ्या भुवया, आणि खाली ही दाढी. जोनाथनला ती नुसती काळी दिसली. सुगंधाला त्यात आणखी एक गोष्ट दिसली. उजव्या जबड्यावर बोटाच्या पेराएवढी जागा मोकळी होती.

तिनं त्या जागेला बोट लावलं. कातडं सपाट होतं, वण नव्हता, गळ लागल्याची काही खूण नव्हती. फक्त केस तिथे येत नव्हते.

 सुगंधानं बोट मागे घेतलं नाही. गारठ्यात हात बधिर होईपर्यंत ते तिथेच ठेवून तिनं विचार केला. चार जणांत हा प्रकार बोलायला गेलं तर वेड्यात काढतील, आणि त्यांचं चुकणारही नाही. बोलायचं नाही. करायचं काय ते करायचं.

"दफन कितक्याक?" तिनं विचारलं.

"चार वाजता," इनासिया म्हणाली.

"मी धा वाजता येतंय. तवसर पेटी बंद ठेवा, कोणाक दाखवू नका."

घरी परतताना तिचे पाय भरभर पडत होते. तिचा माणूस थेंबाथेंबानं त्या काचेच्या पेटीत चालला होता, आणि चार वाजता पेटीतलं सगळं मातीत जाणार होतं. ते जाता कामा नये, एवढं तिला कळत होतं. बाकी कळून घ्यायला वेळ नव्हता.

६

मेलेल्यांच्या वस्तऱ्यावर मऊ दगडाची धार अजून तशीच होती. सुगंधानं ती आधी मारली. परातीच्या काठावरून पातं दोनदा सरळ ओढलं. करकर करत धार बोथट झाली. मग ती खरबरीत दगड घेऊन बसली. सासरा सांगून गेला तेवढंच, तेवढ्याच दगडावर, तेवढीच धार. दगडाचा आवाज कर्कश होता, दाताखाली खडा यावा तसा, पण निदान आवाज तरी होता. तासभर तिनं मान वर केली नाही. आतल्या खोलीत नवरा कौलांकडे बघत पडला होता. त्याचा श्वास ऐकू येतो का हे बघायला ती मधे मधे हात थांबवायची. येत होता.

दहा वाजता तिनं सांतानच्या गालाला फेस लावला. इनासिया आणि जोनाथन दोघांनाही तिनं बाहेर बसायला सांगितलं. उजव्या कानाखालून पहिला हात घेतला.

खर्र.

हजार दाढ्यांतून तिनं तो आवाज ओळखला असता. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि तिनं ते खांद्यानं पुसलं, हात सोडला नाही. वस्तरा कातडं ओरबाडत होता. "माफ कर, बाब," ती म्हणत होती, आणि ओढत होती. डावा गाल आला. तिचा हात सवयीनं उलटा वळायला गेला, आणि थबकला. भोवरा नव्हता. सगळे केस सरळ खाली उतरले होते, नवऱ्याच्या गालावर उतरत तसे. तिनं वस्तरा वरून खाली ओढला, तो कुठे अडकला नाही.

मग सांतानचा भोवरा गेला कुठे, हा विचार तिच्या मनात आला खरा. पण खोलीत पेटी घुं घुं करत होती आणि घड्याळ पुढे सरकत होतं. तिनं तो विचार बाजूला सारला.

फेसातले काळे केस तिनं एकूण एक फडक्यात टिपून घेतले. फडकं घडी करून कमरेला खोचलं. जे आपलं ते आपल्या घरी.

चार वाजता इगर्जीची, म्हणजे लोबोंच्या चर्चची, घंटा झाली. सुगंधा दफनाला गेली नाही. घडी केलेलं फडकं तिनं नवऱ्याच्या उशीखाली ठेवलं आणि परात घेऊन पडवीत बसली. मऊ दगडाचा वरचा थर आता काढून टाकायचा होता. सासरा तो सपाट करायला समुद्राची रेती वापरायचा. रेती आणायला किनाऱ्यावर जायचं म्हणजे नवऱ्याला एकटं सोडायचं, आणि आज ती त्याला एकटं सोडणार नव्हती. खरबरीत दगड हाताशी होता. दगडाचा दोष दगडानंच निघेल, असं म्हणून तिनं दोन्ही दगड तोंडाला तोंड लावले आणि घासायला घेतले.

पिवळा लगदा निघाला, हिरवा निघाला, आणि मग दोन्ही मिळून एकच मातकट रंग झाला. अंधार पडेपर्यंत ती घासत होती. शेवटी मऊ दगड नव्यासारखा लख्ख झाला. परातीतलं पाणी तिनं माडाच्या बुंध्याशी ओतलं.

७

मंगळवारी नवऱ्यानं पेज गिळली. बुधवारी त्याचं कपाळ कोमट लागलं. अनुजाला सुट्टी मिळाली नव्हती, तिचा फोन आला तेव्हा सुगंधा म्हणाली, "आता घाबरू नको. बरे होतत."

शुक्रवारी सकाळी खिडकी उघडण्याआधी, खोलीत अजून काळोख असताना, तिनं त्याच्या गालावर हात ठेवला. हाताला काहीतरी लागलं.

दाढी. अगदी बारीक, पण दाढी. ती तशीच अंथरुणाच्या कडेला बसली आणि दोन्ही हातांनी त्याचा चेहरा धरून रडली. गाल ऊबदार होते. आठ दिवस ती ज्याच्यासाठी झगडली ते तिच्या हाताखाली उगवलं होतं. मृत्यूच्या दाढेतून माणूस ओढून काढणं म्हणजे काय ते तिला विचारा.

मग ती पडवीत आली. मऊ दगड ओला केला, लगदा उठवला. आज तिनं जराही घाई केली नाही. वस्तरा नेला आणि आणला, थेंब थेंब पाणी सोडलं, शेवटचे वीस हात वस्तऱ्याच्या वजनानं जाऊ दिले. पातं उचललं.

चुट्.

"आयकलात?" तिनं आत बघून आवाज दिला. "धार इली बघा."

पाणी गरम केलं, ब्रश भिजवला आणि भरपूर फेस केला. नवऱ्याचा चेहरा डोळ्यांपर्यंत फेसानं पांढरा झाला तेव्हा तिला हसू आलं. खिडकी उघडली. ऊन आत आलं. उजव्या कानाखालून तिनं पहिला हात घेतला.

आवाज आला, पण खर्र नव्हता. रेशमी कापड बोटानं ओढल्यासारखा हलका सर्र आवाज होता. नवीन दाढी मऊच असायची, तिनं स्वतःशी म्हटलं. वस्तरा जबड्यावर आला. वणाची जागा आली. तिथे वस्तरा नेहमी न लागता घसरून जायचा. आज तो लागला. वणावरून केस कापले गेले, हे तिच्या बोटांना मुठीतून कळलं.

तिनं पातं खांद्यावरच्या टॉवेलाला पुसलं. टॉवेल निळा होता. त्यावरच्या फेसात बारीक केस चमकत होते, आणि त्यातला एकही काळा नव्हता.

सुगंधानं वस्तरा घट्ट धरला. हात थरथरला तर गाल कापतो, हे पोटार्थी शहाणपण तेवढं तिच्याजवळ शिल्लक होतं. ती पलंगाच्या डाव्या बाजूला आली. वरून खाली हात घेतला आणि गालाच्या मध्यावर वस्तरा अडकला. केस तिथे गोल फिरले होते. तिनं हात थांबवला. मग तिच्या मनात काही यायच्या आत तिचा हात आपोआप उलटा वळला, जबड्याकडून कानाकडे.

तीस वर्षांच्या संसारातल्या त्या ओठांवर फेसाचा एक बुडबुडा फुटला. चौदा महिने न हललेली जीभ हलली.

"हळू, गो चेडवा," तो म्हणाला. "घाई कोणाक आसा?"

 सुगंधानं त्याच्या उजव्या हाताजवळ आपलं मनगट नेलं, आणि कितीतरी वेळ तिथेच ठेवलं. तो हात छातीवर होता, बोटं जपमाळ ओढावी तशी एकेक करून हलत होती. त्यानं डोळे मिटून घेतले होते आणि मान वर केली होती, खुर्चीत बसलेलं गिऱ्हाईक करतं तशी.

फेस सुकत आला होता. अर्धी दाढी टाकून उठणं तिला कधी जमलं नाही. तिनं ब्रश पुन्हा भिजवला आणि डावा गाल उलट्या हातानंच पुरा केला, त्या दाढीला हवा होता तसा. खिडकीतून आंब्यांच्या पलीकडे इगर्जीची भिंत दिसत होती, भिंतीच्या आत नव्या मातीचा लाल ढीग. ती त्या ढिगाकडे बघत मनात दिवस मोजत होती. सोमवारी पुरलं. आज शुक्रवार. चार दिवसांत ह्यांची दाढी हाताला टोचण्याइतकी वाढते.